जाणाऱ्या बाजूचा आवाज

सोमवार, ४ तारीख
आले एकदाची. नवं शहर, नवी नोकरी. खोलीला दोन खिडक्या आणि खाली बेकरी, म्हणजे सकाळी डोळ्यांआधी नाकालाच जाग येते. टॅक्सीच्या ऑफिसात बोलणारीची जागा मिळाली आहे. माझा धाकटा भाऊ इथे वर्षभर टॅक्सी चालवतोय. त्यानेच मालकाच्या कानावर घातलं की माझी ताई चौथीच शिकलीय, पण आवाज असा की भिंतीपलीकडचा बहिरा उठून बसेल. आई गेली तेव्हा हा माझ्या कडेवर होता, नाकाला कायम धार. अजून मी त्याला शेंबड्याच म्हणते. आता शेंबड्या मला नोकरी लावतो! काय दिवस आलेत. हसू येतं, पण बरंही वाटतं.

शहर डोंगराच्या खळग्यात आहे. अर्ध्या रस्त्यांवर मोबाइल मरतो, म्हणून टॅक्सी रेडिओवर चालतात. लोक ऑफिसात फोन करतात, मी पायाने पेडल दाबून गाड्यांना पत्ता सांगते, बोलत असेपर्यंत लाल दिवा पेटलेला राहतो. संपलं. याला म्हणे अनुभव लागतो. फोन नसला की हात रिकामे, म्हणून हे लिहिणं.

मंगळवार, ५ तारीख
यंत्र समजावायला मेकॅनिक आला. केस खांद्यापर्यंत. मी त्याचं नाव झिपऱ्या ठेवलं. गच्चीवर अँटेना एकच. तिच्यातूनच माझं बोलणं बाहेर जातं आणि तिच्यातूनच ड्रायव्हरांचं आत येतं, तेही एकाच वेळी. मी विचारलं, मग माझंच बोलणं माझ्या कानात का शिरत नाही? त्याने अंगणवाडीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. कपाटात पितळेचे उभे डबे आहेत, दुधाच्या कॅनएवढे, त्यांना डुप्लेक्सर म्हणतात. जाणाऱ्या आवाजाची पट्टी वेगळी, येणाऱ्याची वेगळी. डबे दोघांना आपापली वाट देतात आणि जाणाऱ्याला ऐकणाऱ्या कानाकडे फिरकू देत नाहीत. ते नसते तर यंत्र स्वतःच्याच ओरडण्याने बहिरं झालं असतं आणि लांबच्या गाडीचा बारीक आवाज त्याला कळलाच नसता.

एवढं सांगायला दोन कप चहा ढोसला. माझ्या सासूला असं डबडं बसवलं असतं तर माझा संसार सुखाचा झाला असता. ती बोलत असली की तिला जगात दुसरं काही ऐकूच येत नसे.

शुक्रवार, ८ तारीख
माझ्या आधीच्या बाईने ड्रायव्हरांना एक खोड लावून ठेवली होती. पत्ता सांगितला की त्यांनी तो परत म्हणून दाखवायचा. शाळा आहे का ही? मी दम भरला, ऐकलं की नुसतं हो बाई म्हणायचं आणि गाडी मारायची, पोपटपंची नको. कामं झटपट होतात आता. ती बाई का गेली विचारलं तर मालक म्हणे घसा बसला. बोलायच्या नोकरीत घसा बसतो म्हणजे मुळात लायकीच नव्हती.

बुधवार, १३ तारीख
म्हातारा ड्रायव्हर जिना चढून भांडायला आला. खाणीच्या रस्त्यावर कशाला पाठवलं म्हणे, तिथे माणूस नाही, घर नाही, खाण बंद पडून जमाना झाला. मी पाठवलंच नव्हतं. तो म्हणतो, पाठवलंत, आणि किती गोड बोललात, दादा, जरा जाऊन याल का, असं.

दादा! मी माझ्या नवऱ्याशी त्याच्या मरणापर्यंत असं बोलले नाही. त्याला सांगितलं, कानातला मळ काढ आणि मग ये. खाली सगळे दात काढत होते. शेंबड्या म्हणाला, ताई गोड बोलली असेल तर म्हाताऱ्याचा शेवट जवळ आलाय. मेला कुठला.

शनिवार, १६ तारीख
गुडघे दुखतात म्हणून दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसले होते. पेडलला कोणी शिवलं नाही. लाल दिवा लागला. जरा वेळ राहिला, विझला. लगेच टकल्या ड्रायव्हर बोलला, हो बाई, निघालो.

कुठे निघालास, मुडद्या? मी विचारलं. तो उत्तर देईना. दुपारी पुन्हा त्याचा आवाज, गिऱ्हाईक बसलं हो मागे, पण बोलत नाही काही, न्यायचं कुठे? मी पेडल दाबायच्या आत दिवा लागला. टकल्या म्हणाला, बरं. त्यानंतर काही नाही.

पिऊन गाडी चालवतात आणि खापर बाईवर.

रविवार, १७ तारीख
टकल्याची गाडी सापडली, खाणीच्या रस्त्यावर, शेवटच्या वळणाला. इंजिन चालू, चारही दारं उघडी. टकल्या नाही. पोलिसांनी येऊन अक्कल पाजळली, कोणा बाईबरोबर पळाला असेल. टकल्याबरोबर त्याची सावलीसुद्धा नाखुशीने चालायची! मालक म्हणाला, पोलिसांना दिव्याचं काही सांगू नका, धंदा बसेल. याला माणूस म्हणायचं.

सोमवार, १८ तारीख
पत्ता परत म्हणून दाखवायची पद्धत पुन्हा चालू केली. नाक मुठीत धरूनच केली, पण केली. सकाळीच म्हाताऱ्याने म्हणून दाखवलं, खाणीचा रस्ता, शेवटचं वळण. मी तोंड उघडलं नव्हतं. ओरडून त्याला थांबवलं.

झिपऱ्याला बोलावलं. आधी हसला. मग त्याने एक खिशातला रेडिओ दिला, जाणारी बाजू ऐकायचा. म्हणाला, बाई, गाड्यांत जे ऐकू येतं ते या ऑफिसात फक्त तुम्हालाच ऐकू येत नाही, डबे त्यासाठीच आहेत. मला हे आधी सुचायला हवं होतं. त्यालाही. दोघंही दगड.

दिवा लागल्यावर रेडिओ कानाला लावला. मीच होते. माझा आवाज, माझी खरखर, पण जिभेवर साखर. दादा, भाऊ, राजा, तुमच्यासाठी गिऱ्हाईक उभं आहे.

लाज नाही, माझ्याच तोंडाने लाळघोटेपणा करते.

मंगळवार, १९ तारीख
झिपऱ्याने बोलायच्या यंत्राचा प्लगच उपटला. दिवा मेला. खिशातल्या रेडिओवर ती बोलतच होती. तिला आमचं यंत्रही लागत नाही आता. झिपऱ्या गच्चीवर गेला, खाली आला तो भिंतीसारखा पांढरा. म्हणाला, आपल्याकडून काही जात नाही. खाणीकडून येतंय, आपल्याच पट्टीवर. मग पिशवी न घेता निघून गेला. एवढी शिकलेली माणसं आणि पाय लावून पळणं तेवढं येतं.

मी प्लग पुन्हा लावला. आपण गप्प बसलो तर गाड्यांत तिचाच आवाज उरेल. म्हणून नोकरीही सोडता येत नाही.

बुधवार, २० तारीख
ड्रायव्हर येईनात. मालक बहिणीकडे गेला, तब्येत बरी नाही म्हणे. शेंबड्या मात्र गाडी काढतो. डोंगरापलीकडच्या एका म्हातारीला दर दोन दिवसांनी मशीनवर रक्त शुद्ध करायला हॉस्पिटलात न्यावं लागतं आणि तो रस्ता खाणीवरूनच. मी सांगितलं, मरू दे. तो म्हणाला, ताई, मरेलच ती. मी सगळं केलं, रडायचं तेवढं राहिलं. मी वाढवला आणि माझंच ऐकत नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी तो खाणीच्या अलीकडे असताना रेडिओवरूनच बजावलं, गोड बोलले तर ती मी नव्हे, गाडी थांबवायची नाही. शेंबड्या म्हणून शिव्या घातल्या तरच मी. तो हसला. म्हणाला, मग तर ओळख पटायला वेळच लागणार नाही.

सुखरूप आला.

गुरुवार, २१ तारीख
कपाटासमोर बसून आत्ता डोक्यात उजेड पडला. मी बोलत असतानाही हे यंत्र ऐकत असतं. तसं तिचंही असेल. मी कालचं सगळं हवेतून सांगितलं. जिथे ती कान लावून बसलीय तिथेच सांगितलं.

शेंबड्याच्या घरी जाऊन आले. कुलूप. मोबाइल लागत नाही. शेजारीण म्हणाली, बायकोला तिच्या माहेरी सोडायला गेलाय, उद्या सकाळी परस्पर म्हातारीकडे.

शुक्रवार, २२ तारीख
सकाळपासून हाका मारतेय. उत्तर नाही.

दिवा लागला. खिशातला रेडिओ — शेंबड्या, मेल्या, नाक पूस आणि खाणीकडे वळ. साखर नाही. माझ्यासारखीच. माझ्याहून माझ्यासारखी.

तो हसला. वळतो म्हणाला.

मी ओरडले, वळू नको. ती ओरडली, वळू नको म्हणणारी मी नव्हे. तो गोंधळलाय. म्हणतो, ताई, एक कोण ते ठरवा. मग शहाण्याने परीक्षा घेतली — आई गेली त्या दिवशी मी काय मागत होतो?

तिच्या चपला. उशाला घेऊन झोपायला.

मी सांगितलं. तिने माझ्याआधी सांगितलं.

पेडलवर दोन्ही पाय दाबून धरलेत. घसा गेलाय. आवाजच फुटत नाही. तिचा फुटतो.

तो बोलतोय. ताई, तू इथे कशी — वळणावर उभी राहून हात कसले करतेस, थांबवतो ना —

मी इथे आहे. खुर्चीत आहे. शेंबड्या, मी इथे —

बटण त्याने दाबूनच ठेवलंय. ब्रेक लागला. दार —

येणाऱ्या बाजूने. पहिल्यांदाच येणाऱ्या बाजूने, त्याच्या मागून, अगदी दमलेला, माझा आवाज — सरक रे जरा, मी बस