बैलजोडीच्या मतदानाला नेलेला सर्व्हर रक्तपेढीस परत मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
कृष्णावेणी रक्तपेढी संघ,
विश्रामबाग, सांगली.

दिनांक : २१ फेब्रुवारी २०२५

विषय : सर्व्हर क्र. २ सोमवारपूर्वी रक्तपेढीच्या कामास परत लावणे, अन्यथा त्याचे नाव वाटपातून काढण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवरील आपला शेरा, "तांत्रिक भाषा समजत नाही. साध्या मराठीत लिहा."

महोदय,

"दोन तोट्यांच्या दोन गं रांगा, धार जिथं वाहे तिथं जाऊन लागा!" माझ्या लहानपणी आटपाडीत टँकर आला की अंबूबाई चाकाशेजारी उभी राहून अशी ओरडायची. कुणाची घागर कुठल्या तोटीला, ते तीच ठरवायची. एक तोटी आटली की पदर खोचून आडवी यायची, "हिकडं काय न्हाई, तिकडं पळा!" आपल्याकडे तिचे काम लोड बॅलन्सर नावाची यंत्रणा करते. दवाखान्यांकडून आलेली रक्ताची मागणी ती एकदा सर्व्हर क्र. १ कडे, एकदा क्र. २ कडे धाडते. दोघे जोडीने ओढतात, म्हणून कुणी खोळंबत नाही.

२. मा. अध्यक्षांच्या वाढदिवसानिमित्त क्र. २ वरील रक्तपेढीचे काम उतरवून तेथे 'देखणी बैलजोडी' स्पर्धेचे मतदान चढवण्यात आले. त्याचे नाव मात्र लोड बॅलन्सरच्या वाटपात तसेच ठेवले. "तपासणीला दोन सर्व्हर दिसले पाहिजेत," असा आपला आदेश आहे. लोड बॅलन्सर दोघांना फक्त "आहेस का?" एवढेच विचारतो. क्र. २ म्हणतो, "आहे." काय करतोस, हे विचारायचीही सोय त्यात आहे, पण ती लावण्यास मंजुरी मिळालेली नाही.

३. परिणामी रक्त मागणाऱ्या निम्म्या दवाखान्यांना बैल दिसतात. कवठे महांकाळच्या राजेश्वरी सिस्टरांचा फोन आला, "आवं रिजवानभाऊ, बी निगेटिव्ह मागतीय आन् पडद्यावर खिलारं येत्यात! त्येंचं रक्त चढवू व्हय?" उलट मत द्यायला आलेले लोकही याच दारातून येतात, त्यांतले निम्मे रक्ताच्या पानावर पोचतात. एका गड्याने रुग्ण म्हणून 'सर्जा' लिहून गट ओ पॉझिटिव्ह भरला. पेढीने सर्जासाठी दोन पिशव्या दिवसभर राखून ठेवल्या.

४. मी आपणांस समक्ष भेटलो. आपण विचारलेत, "सर्व्हर बंद पडलाय का? नाही ना? मग तक्रार कशाची?" साहेब, बंद पडला असता तर मी पेढे वाटले असते. मेलेल्याकडे लोड बॅलन्सर कुणाला धाडत नाही.

५. मागील खेपेस कवठे महांकाळच्या दवाखान्यातील एका रुग्णाची मागणी अशीच बैलांकडे गेली. मुलगी, वय सात, थॅलसेमिया, म्हणजे ठरावीक दिवसांनी रक्त चढवावेच लागते. तिच्या गटाची पिशवी येथेच, विश्रामबागेत, शीतपेटीत पडून होती. सिस्टरांनी पुन्हा मागितले, पुन्हा बैल आले. फोनाफोनी होऊन पिशवी पोचेपर्यंत पोरगी कागदासारखी पांढरी पडली होती, धाप लागून चार शब्द बोलवत नव्हते. सोमवारी तिला पुन्हा रक्त द्यायचे आहे, आणि सोमवारीच मतदानाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी आसपासच्या जिल्ह्यांतीलही बैलांचे चाहते लोटणार. रक्त मागणारी सिस्टर त्या गर्दीत कुठल्या दारी जाईल, हे मी सांगू शकत नाही.

६. म्हणून हात जोडून मागणे की, क्र. २ वर रक्तपेढीचे काम पुन्हा चढवू द्यावे. ते जमत नसेल तर त्याचे नाव तरी वाटपातून काढू द्यावे. एकटा क्र. १ दमेल, रखडेल, पण विचारले त्याचेच उत्तर देईल. तपासणीत एकच सर्व्हर दिसला तर ठपका माझ्यावर ठेवावा. माझे कंत्राट आजच रद्द करायचे असेल तर करावे, फक्त आधी नाव काढू द्यावे.

७. मागील दोन्ही अर्जांत मी 'एक रुग्ण' असेच लिहिले. कामावरचा माणूस स्वतःच्या घरासाठी रडतो, असे आपणांस वाटेल आणि बाकीच्या रुग्णांचे गाऱ्हाणेही बाजूला पडेल, ही भीती होती. आज लिहितो. तिचे नाव कशिश रिजवान मुजावर. ती माझी लेक आहे, साहेब.

सोमवारच्या आत आपल्या एका सहीची वाट पाहणारा,

रिजवान दस्तगीर मुजावर
संगणक यंत्रणा चालक (कंत्राटी)