भिंत धरून चालणारं माणूस

८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. भावोजींचा गुडघा आता बरा असेल आणि तुझ्या लेकीने परीक्षेचं मनावर घेतलं असेल, असं धरून चालते. मी ठणठणीत आहे. भूक लागते, झोप लागते, नाकातोंडात माती जाऊन घसा बसलाय, म्हणजे सगळं नेहमीसारखं.

डोळ्यांचं विचारलंस. दाखवून आले. चष्म्याचा नंबर बदललाय म्हणाले, आणखीही काहीबाही म्हणाले. डॉक्टर लोक म्हणतातच. ते सावकाश लिहीन. आधी इकडची गंमत ऐक, नाहीतर मला चैन पडायची नाही.

आम्ही खोदतोय त्या टेकाडाच्या उताराला फार जुनं, जळालेलं घर लागलंय. तुला ऐकून वाईट वाटेल, पण जळालेलं घर लागलं की आम्ही खूश होतो. मातीच्या भिंती एरवी पावसापाण्याने विरघळून जातात. आग लागली की त्या विटेसारख्या भाजून निघतात आणि हजारो वर्षं टिकतात. हाडं कुठे सापडली नाहीत, तेव्हा माणसं वेळेवर बाहेर पडली असावीत. भिंती माझ्या छातीपर्यंत शाबूत आहेत. मी कुंचल्याने आतल्या बाजूची माती झाडत होते, तर लिंपणावर एक चकचकीत पट्टा दिसायला लागला. तळहाताएवढा रुंद, पोटाच्या उंचीला. बाकीची भिंत खरबरीत आणि हा पट्टा मात्र जिन्याच्या जुन्या कठड्यासारखा गुळगुळीत. झोपायच्या ओट्यापासून निघतो, कोपऱ्यात वळतो, चुलीकडे जातो, तिथून दळायच्या दगडाकडे आणि मग दाराकडे.

आता हे काय असेल, सांग बघू.

आमचे सर, म्हणजे या सगळ्या खोदकामाचे प्रमुख, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, विधी असणार. आमच्या धंद्यातलं गुपित सांगते तुला. ज्याचा अर्थ लागत नाही, त्याला आम्ही विधी म्हणतो. तुझं इस्त्रीचं टेबल उद्या कुणाला सापडलं, तर तू त्यावर बळी देत होतीस असं छापून येईल. नकाशे काढणारे काका म्हणाले, गुरं आत बांधत असतील, त्यांनी अंग घासलं असेल. फोटोवालीला वाटतं, काहीतरी वाळत घालायची दोरी घासली असेल. मला काही सुचत नव्हतं, आणि न सुचण्यातली जी मजा असते ती मी आरामात घेत होते.

दुसरी गंमत मुक्कामाच्या इमारतीतली. खोल्या झाडणाऱ्या बाई काल सगळ्यांवर उखडल्या. वरच्या बोळातली भिंत नुकतीच पांढरी केली होती आणि कुणीतरी मातीचे हात घासून तिचा पार बट्ट्याबोळ केलाय. आता आमच्यासारख्यांना असा डाग दाखवल्यावर काय होणार? चहा तसाच टाकून सगळे बोळात. काकांनी उंची मोजली, फोटोवालीने तिरका प्रकाश पाडला. बोटांचे फराटे बघून ठरलं की जाताना उजवा हात लागतो आणि येताना डावा, म्हणजे वाट रोजची आहे, आणि माणूस बेताच्या उंचीचा आहे. डाग सुरू होतो शेवटच्या खोलीच्या दारापासून. शेवटची खोली माझी.

हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची. मी झोपेत चालते असा निकाल लागला. मीही हसले, बाईंकडून ओला फडका घेतला आणि भिंत पुसून काढली. खरं सांगू, आपण असं भिंतीला हात लावत चालतो, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

असो. लेकीला माझा धपाटा दे.

तुझी,
घूस
(लहानपणी अंगण उकरते म्हणून तू ठेवलेलं नाव. आता लोकांची उकरते, एवढाच फरक.)


२३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र वाचून कान लाल झाले. काहीबाही म्हणजे काय ते सरळ लिही म्हणतेस. लिहीन गं. तू भारी हट्टी आहेस आणि मी तुझीच बहीण आहे.

ते उकिरडे फुंकणं सोड आणि इकडे ये, असंही लिहिलंयस. बागेकडची खोली रिकामी करून ठेवलीस. इकडची काडी तिकडे करू देणार नाही, सगळं आयतं हातात देईन, म्हणालीस. तुझ्या मायेला तोड नाही, मला माहीत आहे. पण ते वाक्य वाचलं आणि पत्राची घडी घालून मी कामावर पळाले. दिवसभर माझी चिडचिड होत होती आणि ती तुझ्यावर नव्हती.

पट्ट्याचं पुढे काय झालं ते ऐक. गुरांचा निकाल लागला. गुरं बांधली की शेणामुताने जमिनीची माती बदलते. ती तपासली, तसलं काही नाही. शिवाय कुठलीही गाय तळहाताचं माप घेऊन अंग घासत नाही. दोरी खोल चर पाडते, हा पट्टा तर वरवरचा. मग मी म्हटलं, हात असेल. सर म्हणाले, घराला खिडकी नाही, आत अंधार, सगळेच चाचपडत असणार, त्यात काय विशेष? मुद्दा बिनतोड होता. म्हणून त्याच आगीत जळालेली शेजारची घरं आम्ही झाडून बघितली. तशाच भिंती, तसंच बिनखिडकीचं बांधकाम, आणि पट्ट्याचा पत्ता नाही. अंधार सगळ्यांकडे होता. भिंत धरून चालणारं माणूस एकाच घरात होतं.

चुलीच्या थोडं अलीकडे पट्टा मध्येच तुटतो. तिथे मोठा रांजण होता, तो जागच्या जागी फुटून पडलाय. काकांनी खापऱ्या जुळवल्या, तर रांजणाच्या खांद्यावर तीच चकाकी, त्याच उंचीला. म्हणजे हात भिंतीवरून रांजणावर आणि रांजणावरून पुन्हा भिंतीवर. हे इतकं झिजायला तो रांजण वर्षानुवर्षं त्याच जागी असायला हवा. आपल्या घरात एक खुर्ची तरी कधी आठवडाभर एका जागी राहिली होती का?

काल तर कहर झाला. ही माणसं दर थोड्या वर्षांनी भिंतीला जुन्यावरच नवं लिंपण चढवत. त्यातला एक पापुद्रा आपसूक सुटून आला. खालच्या थरावरही पट्टा आहे, पण बराच खाली, माझ्या मांडीशी. त्याच्याही खालच्या थरात आणखी खाली, जेमतेम गुडघ्याच्या वर. ताई, ते मूल होतं. भिंत धरत धरत त्या घरात मोठं झालं.

सर विधीलाच चिकटून आहेत. मुलांची फेरी वेगळी आणि मोठ्यांची वेगळी, असं त्यांना वाटतं, आणि अहवालाचा मसुदाही सुरू केलाय. मला ठाऊक आहे ते काय आहे. पण मी बोलले की ते विचारणार, तुला हे सुचलं कसं? आणि खरं उत्तर दिलं, तर पुढच्या हंगामात मला खड्ड्यात उतरू देतील का, कोण जाणे. मातीच्या रंगातला बारीकसा फरक ओळखायचा आणि एक थर कुठे संपतो ते सांगायचं, हे माझं काम. ते डोळ्यांचं काम आहे. ते गेलं तर मी कोण, हे मला खरंच माहीत नाही.

आता अर्धं तुला कळलंच असेल. आज एवढंच झेपतंय गं.

तुझी,
घूस


६ मार्च

प्रिय ताई,

सांगून टाकलं. तुझ्याआधी सरांना सांगितलं, याचा राग मानू नकोस. त्यांना सांगणं सोपं होतं. ते काही माझ्यासाठी रडणार नव्हते.

काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पुढे गेलेला. समोरचं चांगलं दिसतं, बाजूचं पुष्कळ गेलंय. म्हणून चौकटींना खांदे आपटतात, आणि जरा उजेड कमी झाला की पाय टाकताना मनात धाकधूक होते. गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं सांभाळायचं. मी फार घाबरले होते, ताई. अजूनही घाबरलेली आहे. नुसता चष्म्याचा नंबर म्हणून तुला लिहिलं, तेव्हा सगळ्यात जास्त घाबरले होते.

तर झालं असं. सर मसुदा वाचून दाखवत होते. 'विधिमार्ग' हा शब्द आला आणि मला राहवेना. मी म्हटलं, या घरात न दिसणारं माणूस राहत होतं. कल्पना छान आहे, पण सुचली कुठून, असं सरांनी विचारलं. मी सगळ्यांना वरच्या बोळात घेऊन गेले. मी पुसून काढलेल्या भिंतीवर डाग पुन्हा उमटला होता, फिकट, पण तोच.

"इथून सुचली," मी म्हटलं. "मी झोपेत चालत नाही, सर. मला बाजूचं दिसत नाही."

काका उगाचच चष्मा पुसत बसले. फोटोवालीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, तिला वाटलं मला आवडणार नाही. सर मात्र भिंत बघत राहिले.

मग म्हणाले, "एका भिंतीवरून दुसरी भिंत सिद्ध होत नाही. आणखी काय आहे तुझ्याकडे?"

मी त्यांना मिठीच मारणार होते. लोक आता माझी कीव करतील, या भीतीने मी तोंड शिवून बसले होते, आणि या माणसाने पुरावा मागितला.

आणखी काय आहे ते सगळ्यांनी मिळून शोधलं. चुलीच्या एक पाऊल अलीकडे जमिनीत लहान दगडी गोट्यांची एक ओळ बसवलेली आहे. नकाशात ती पहिल्यापासून होती, आम्ही शोभेची समजून सोडून दिली होती. काकांनी बूट काढले, तशीच एक ओळ बाजूच्या मोकळ्या जागेत मांडून घेतली आणि डोळे मिटून चालून बघितलं. पायाला गोट्या लागल्या की माणूस आपोआप थांबतो. पुढे विस्तव आहे, हे त्याला आठवायच्या आधी पायाला कळतं. मग आम्ही जमिनीचा एक कोपरा कापला. भिंतीसारखीच जमीनही थरावर थर लिंपलेली, आणि प्रत्येक थरात, त्याच जागी, ती ओळ पुन्हा बसवलेली. नवी जमीन केली की जुन्या गोट्या बुजायच्या. मग घरातलं कुणीतरी आठवणीने नव्या वेचून आणायचं. शेजारच्या घरांत चुलीपुढे असलं काही नाही.

सरांनी 'विधिमार्ग' खोडला. नव्या वाक्यात 'बहुधा' ठेवलंय आणि ते मला पटतं. त्या माणसाचे डोळे आम्ही पाहिलेले नाहीत. बाई होती की पुरुष, हसरं होतं की माझ्यासारखं तिरसट, काही माहीत नाही, आणि ते कधी कळणारही नाही याची मला रुखरुख लागून राहिलीय. पुढच्या हंगामात मी इथे असणार. रंग फोटोवाली बघेल, पोत मी बघेन. राख आणि चिकणमाती माझ्या बोटांना आजही न बघता कळते. त्यापुढचं सरांनाही माहीत नाही, मलाही नाही.

आता तुझ्या त्या वाक्याचं बोलते. पट्टा सगळ्यात जास्त कुठे झिजलाय, माहीत आहे? दळायच्या दगडापाशी. त्या घराने रांजण हलवला नाही, गोट्या बसवल्या, सगळं केलं. पण दळण त्या माणसाच्या हातून काढून घेतलं नाही. एका जागी बसवून सगळं आयतं हातात दिलं असतं ना ताई, तर भिंतीवर काही उमटलंच नसतं. असं कुणी या जगात होऊन गेलं, हे आम्हाला कधी कळलं नसतं. तुझं पत्र वाचून माझी चिडचिड का झाली, ते मला त्या दगडापुढे बसल्यावर समजलं.

तेव्हा हंगाम संपला की मी येतेय. खोली हवी आहे आणि तू तर हवीच आहेस. पण भाजी मी चिरणार. माझ्या हातून कपबशा फुटतील, तेव्हा पूर्वी ओरडायचीस तशी ओरड. रडायचं असेल तर मी यायच्या आत रडून घे. भावोजींना तूच सांग, मला त्यांच्यासमोर हे बोलता येणार नाही.

आणि एक काम आहे. हे किती वर्षं टिकेल, ते मी डॉक्टरांना विचारलंच नाही. जन्मभर मेलेल्या माणसांना नाही नाही ते विचारत आले, आणि स्वतःचा एक प्रश्न होता तर पिशवी उचलून बाहेर पडले. आता मला ते जाणून घ्यायचंय. पुढच्या खेपेला तू बरोबर चल. विचारेन मीच, तू नुसती शेजारी बस. उत्तर काहीही आलं तरी उठताना घाईने मला धरू नकोस. जरा थांब. मी हात पुढे करीन, तेव्हा धर.

तुझ्या भरवशावर,
घूस