मायचा निळा सदरा

मंगळवार, सांज. रिठद.

जगातलं एक नावाजलेलं चित्र पेंटरनं शाळेच्या भितीवर आपल्या गावचं करून काढलं. सोयाबीन सोंगल्यावर सांडलेल्या शेंगांचा सरवा वाकून वेचणाऱ्या तीन बाया. तिसरी माही माय. दिवाळीआधी वारली ते. पेंटरले तिचा फोटो मीच देल्ला होता. फोटोत मायच्या लुगड्यावर बाबाचा निळा सदरा होता, वावरात रोज घाले तो. पेंटरनं काढलाच नाही.

"सदरा कायले? बाई बाईसारखी दिसली पाह्यजे," म्हणे.

मी मनातच म्हनली, वाकल्या बाईचं तोंड दिसत नाही, मंग सदऱ्याबिगर मायले वळखावं कसं?

बाबा भितीपाशी लय वेळ उभे राह्यले. मंग मले हळूच पुसलं, "यातली तुही माय कोनती?"