सांतियागोच्या वाटेची तयारी

जबलपूर, ९ एप्रिल

प्रिय हर्षा,

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखशील. तरी ते न फोडता बाजूला ठेवावंसं वाटलं तर ठेव, घाई नाही. तुझ्या आईकडचा नागपूरचा पत्ता माझ्या जुन्या डायरीत होता, त्यावरच पाठवते आहे. बातमी अशी की मी सप्टेंबरात स्पेनला चालले आहे, आणि तिथे पोचल्यावरही चालणारच आहे. लेओन नावाच्या गावापासून सांतियागोपर्यंत, तीनशेच्या वर किलोमीटर, पायी. अठरा दिवस धरले आहेत आणि दोन दिवस पायांच्या रुसव्यासाठी राखून ठेवले आहेत. वय एकसष्ट, गुडघे चालण्यापुरते बरे, रक्तदाब तुझ्या वेळी होता तसाच.

तुला हसू येईल, कारण ही वाट मला तूच दाखवलीस. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी तुला कावीळ झाली होती, तेव्हा पडल्या पडल्या तू लॅपटॉपवर काहीतरी बघत होतीस आणि मला हाक मारलीस. पाठीवरच्या पिशवीला शिंपला बांधून माणसं गव्हाच्या शेतांमधून चालली होती. येशूचा शिष्य संत याकोब याची कबर तिथे आहे अशी त्यांची श्रद्धा, आणि हजार वर्षं लोक तिकडे चालत जातात, हे तू मला समजावून सांगितलंस. वर म्हणालीस, "आई, धर्म तुमचा आणि माहिती मला, हे कसं काय?" मग बरी झाल्यावर आपण दोघी रोज सकाळी नेपियर टाउनातून निघून भंवरतालच्या बागेला फेऱ्या मारू लागलो. अनुपम झोपलेला असायचा. तू फेऱ्या मोजायचीस आणि मी पाचव्या फेरीला हटकून तुझी मोजणी चुकवायचे. ते दिवस फार चांगले होते. तू या घरात होतीस तोवर मी ते मोठ्याने कधी म्हटलं नाही, म्हणून आता लिहून ठेवते.

तर तयारी. बूट घ्यायला बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेले. दुकानदाराने आधी मला देवळात जाताना घालायच्या चपला दाखवल्या. तीनशे किलोमीटर चालायचंय म्हटल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, म्हणाला, "मॅडमजी, एक नंबर बड़ा लीजिए, पैर फूलेंगे." नर्स म्हणून तीस वर्षं वॉर्डात उभी राहिलेली मी, आणि हे मला त्याने सांगावं लागलं. पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको म्हणतात. म्हणजे माझ्या वाट्याला सहा किलो. चालायचा सराव करताना पिशवीत तांदळाच्या अन् डाळीच्या पुड्या भरते. एकदा अर्ध्या वाटेत तुरीच्या डाळीची पुडी फुटली आणि घरापर्यंत मागे कबुतरं येत राहिली. रस्त्यात ओळखीचे लोक स्कूटर थांबवून विचारतात, सिस्टरजी, छोड़ दें क्या? नाही म्हटलं की काळजीत पडतात.

शेजारच्या शैलजाताईंचा आधी विरोध होता. नर्मदामाई इथे उशाशी असताना इतक्या लांब काहून जायचं, तिचीच परिक्रमा करा, असं त्या रोज कुंपणावरून सांगायच्या. मी शेवटी विचारलं, ख्रिस्ती बाईने तुमच्या माईची परिक्रमा केलेली चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल की, पुढच्या वर्षी दोघी जाऊ. आता त्यांनीच अर्धा किलो मेतकूट करून दिलं आहे, आणि स्पेनमध्ये भात मिळतो का याची चौकशी भाच्याकडून करून ठेवली आहे. आमच्या चर्चचे पाळकसाहेब मात्र गोंधळले. आपल्या पंथात संतांच्या कबरींना जायची रीत नाही, हे त्यांनी हळुवारपणे सांगितलं. मी म्हटलं, रीत नसली तरी मनाई आहे का? नाही म्हणाले, आणि चर्चच्या कागदावर मी यात्रेला निघाल्याचं छानसं पत्र लिहून दिलं. मोबाइलवर थोडं स्पॅनिशही शिकते आहे. "खालचा पलंग मिळेल का?" हे वाक्य आता झोपेतही म्हणू शकते, कारण तिथल्या यात्रेकरूंच्या धर्मशाळांमध्ये एकावर एक पलंग असतात आणि वरच्यावर चढणं या गुडघ्यांना झेपणार नाही.

अनुपमबद्दल तू विचारणार नाहीस, पण न लिहिणं खोटं होईल. तो बंगळुरूला आहे. गेल्या नोव्हेंबरात त्याने त्याच मुलीशी लग्न केलं. मी गेले होते. ती माझ्याशी नीट वागते, मीही तिच्याशी नीट वागते. तो रविवारी फोन करतो. माझा मुलगा आहे, त्याच्याशी नातं तोडणं मला जमलं नाही आणि जमावं असंही वाटत नाही. पण तुमचा घटस्फोट झाला तेव्हा तो म्हणाला होता की हर्षाशी आता संबंध ठेवू नकोस, तिलाच त्रास होईल. ते मी ऐकलं. तीन वर्षं ऐकलं, कारण ते मला सोयीचं होतं. का सोयीचं होतं, ते सांगण्याआधी गेल्या महिन्यातली एक गोष्ट सांगते.

मार्चमध्ये लांबचा सराव म्हणून मी भेडाघाटपर्यंत पायी जायचं ठरवलं. पहाटे निघाले. तिलवाऱ्याच्या पुलापुढे टाचेला मोठा फोड आला. रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीवर बसून मोजा काढला आणि तोंडातून "आई गं" निघालं. टपरीवाली चटकन मराठीत बोलायला लागली. शकु नाव तिचं, माहेर वर्ध्याकडचं. इतक्या वर्षांत गिऱ्हाईकाच्या तोंडून मराठी ऐकलं नव्हतं म्हणे. सुई गरम करायला तिने चहाचा गॅस मोकळा करून दिला, मी फोड फोडून पट्टी बांधली, आणि ती शेजारी बसून बघत होती. मग म्हणाली, "या वयात एकट्याच काहून चालून राहिल्या बाई? घरी कोणी नाही का?" मी म्हणाले, "सून आहे. नागपूरला असते." विचार करून बोलले नव्हते. अनुपमचं नाव आलं नाही, बंगळुरूची ती मुलगीही आली नाही. शकुने विचारलं, सून येऊन राहिली का तुमच्यासंगं? मी वाकून पट्टीच पुन्हा घट्ट करू लागले. तिला वाटलं पाय दुखतो आहे, तिने आणखी एक चहा दिला. त्या दिवशी भेडाघाट गाठला, पण परत येताना ऑटो केली, आणि घरी येऊन पत्र लिहायला बसले. ते फाडलं. हे चौथं आहे.

हर्षा, तू एकदा फेब्रुवारीत, स्वयंपाकघरात मेथी निवडताना मला विचारलं होतंस, "आई, तुम्हाला काही माहीत आहे का? अनुपमचं काय चाललंय?" मी नाही म्हणाले. मला माहीत होतं. आदल्या डिसेंबरात, नाताळच्या चार दिवस आधी, त्या मुलीबद्दल त्याने स्वतः मला सांगितलं होतं. मला वाटलं, हे निवळेल, तुला कळलंच नाही तर घर टिकेल. नंतर जूनमध्ये तुला बाहेरून कळेपर्यंत चार महिने तू स्वतःतच खोट शोधत राहिलीस. जेवण टाकलंस, डॉक्टरकडे गेलीस, नोकरीत रजा घेतलीस, आणि मी तुला पेज करून देत होते, तुझं डोकं चेपत होते, आणि तोंड बंद ठेवून होते. तू गेलीस तेव्हा माझ्या पाया पडलीस. त्यावरूनच मला कळलं की मला माहीत होतं, हे तुला माहीत नाही. आमच्यात पाळकापुढे जाऊन कबुली द्यायची पद्धत नाही. ज्याचा अपराध केला त्यालाच सांगावं लागतं. म्हणून हे पत्र, चालायला निघायच्या आधी. माझी विचारायची हिंमत नाही, तरी विचारते: येशील का? तुझा आणि माझा पासपोर्ट आपण एकाच दिवशी काढले होते, म्हणजे तुझाही अजून तीन वर्षं चालेल. व्हिसाचे कागद मेच्या मध्यात द्यायचे आहेत. यायचं असेल तर नुसतं "येते" एवढं कळव. आणि नाही आलीस तरी मी जाणार आहे, मजेत जाणार आहे, माझी चिंता करू नकोस. पण मग तुझा राग तरी मला कळव, फोनवर, पत्रातून, जसा येईल तसा. तो माझ्या वाट्याचा आहे, आणि तीन वर्षं तू तो स्वतःवरच काढत असशील, याची मला भीती वाटते.

तुझीच,
विनता
(आई म्हणायचं की नाही, ते तू ठरव.)