सातवीपर्यंतची पुस्तकं

रविवार, ८ मार्च
दुपार, मुलं झोपली आहेत तेवढ्यात

बेबीस,

आशीर्वाद आहेतच. मी बरी आहे, गुडघा होता तसाच आहे, दोन्ही मुलं खुशाल आहेत. पत्राच्या सुरुवातीला जे लिहायचं असतं ते लिहून झालं.

तुझं खोकं पोचलं. पाठवणाऱ्याचा पत्ता घातल्याशिवाय कुरिअरवाले पार्सल घेत नाहीत, म्हणून तो आम्हाला कळला. नाहीतर तू कळवला असतास असं मला वाटत नाही. आत चिठ्ठी असेल म्हणून मी एकेक पुस्तक उघडून झटकून पाहिलं. भिंगरीनं विचारलं, काय शोधतेस. मी म्हटलं, धूळ. नव्या पुस्तकांत कसली धूळ, असं म्हणत तीही माझ्या शेजारी बसून पुस्तकं झटकायला लागली.

मागच्या फोनवर तू मला एवढंच म्हणालीस, की घरी शिकवायचं तर अभ्यासक्रम नीट पारखून घे, कुठलाही उचलून आणू नकोस. मी आयुष्यभर वॉर्डात नर्स होते, बाळ. मला सलाईन पारखता येतं. सहा आणि आठ वर्षांच्या मुलांना काय शिकवायचं हे पारखायला घरात एक शिक्षिका होती, ती निघून गेली. तरी मी निवडायला बसले. कशी, ते ऐक.

आधी एका कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, हातात टॅब्लेट. त्याच्या अभ्यासक्रमात एक घुबड आहे. उत्तर बरोबर आलं की ते टाळ्या वाजवतं, चुकलं की फांदीवरून धप्पकन पडतं. ढब्बूनं पाच मिनिटांत ओळखलं की गंमत पडण्यात आहे. त्यानंतर त्यानं एकही उत्तर बरोबर दिलं नाही. दोन अधिक दोन नऊ. त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. खूप दिवसांनी मी हसले, खोटं कशाला बोलू.

मग धडा आला 'माझं कुटुंब'. आई काय करते, तर चित्रावर बोट ठेवा. आई स्वयंपाक करते, आई डॉक्टर आहे, आई विमान चालवते. ढब्बूचं बोट सगळ्या चित्रांवरून फिरलं आणि तसंच हवेत राहिलं. भिंगरी त्याला समजावत म्हणाली, "राहू दे. यात 'निघून गेली' असं चित्रच नाहीये."

त्या माणसानं टॅब्लेट बंद केला. चहा अर्धा ठेवून गेला.

शेजारच्या बाईंचं निराळंच. त्याही मुलांना घरीच शिकवतात, पण हौसेनं. गच्चीत टोमॅटो लावलेत, मुलं दिवसभर मातीत. त्यांचं म्हणणं, मुलाला जे शिकावंसं वाटेल तेच शिकू द्यावं, पुस्तक म्हणजे पिंजरा. मी म्हटलं, आमच्या ढब्बूला सध्या काहीच शिकावंसं वाटत नाही, तो कपाटात शिरून बसतो. त्या म्हणाल्या, बसू द्या. बाई मनानं चांगल्या आहेत. त्यांची मुलं हसत मातीत जातात आणि हसत बाहेर येतात, त्यांना हे शोभतं. ढब्बू कपाटात का बसतो हे त्यांना माहीत नाही असंही नाही. सगळ्यांनाच माहीत आहे. फक्त माझ्यासमोर कुणी बोलत नाही.

आणि मग तुझं खोकं.

पुस्तकं उत्तम आहेत. चित्रं सुंदर, अक्षर ठसठशीत, गणित खेळातून, विज्ञान स्वयंपाकघरातून. तू निवडलीस म्हणजे चांगलीच असणार. मुलं तुटून पडली. ढब्बूनं तर सगळी पुस्तकं जमिनीवर मांडली, इयत्तेप्रमाणे, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. भिंगरी एकेका पुस्तकाच्या पाठीवरचं वाचत गेली. पहिली, दुसरी, तिसरी. मग चौथी. मग पाचवी. शेवटच्या पायरीवर येऊन ती थांबली.

"आजी, ही सातवीपर्यंतची आहेत," ती म्हणाली. "म्हणजे मी सातवीत जाईपर्यंत आई येणार नाही?"

मी म्हटलं, सगळी एकदम घेतली की स्वस्त पडतात.

ती "हं" म्हणाली. मोठी माणसं लहानांचं मन राखायला म्हणतात ना, तसं.

तुला हे सुचलं नसेल असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण तू वर्षाचं नियोजन करणारी बाई आहेस. जूनमध्येच मार्चपर्यंतचे तक्ते भिंतीला लावायचीस. तू पुस्तकं मोजूनच पाठवली आहेस. मुलांचा बाप जहाजावर आहे, सहा-सहा महिने त्याचं तोंड दिसत नाही, पण तो कुठल्या समुद्रात आहे आणि कधी उतरणार हे त्याची कंपनी तरी सांगते. तुझ्याबद्दल मला एका खोक्यातल्या पुस्तकांवरून अंदाज बांधावा लागतो.

ढब्बू उठला. बाकी उद्या लिहिते.


सोमवार, सकाळ

काल जिथं थांबले तिथं ढब्बू उठला हे खरं, पण तो उठला नसता तरी मी थांबलेच असते.

आपण त्या सहलीबद्दल एकदाही बोललो नाही. तू बोलली नाहीस, मी विचारलं नाही. मला वाटलं होतं, जखम आहे, वरची खपली आपोआप धरेल. आता लिहिते, कारण पुढचं सांगायचं तर हे लिहिल्यावाचून चालणार नाही.

तळ्यावरून निघताना मुलांची मोजणी झाली, ती तू केलीस आणि बरोबर केलीस. त्यानंतर तो मुलगा राहिलेली टोपी आणायला मागे पळाला आणि पाण्यात गेला. तू अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारलीस. बाहेर काढलास तेव्हा तो शुद्धीवर होता, बोलत होता. दवाखान्याच्या वाटेवर तो गाडीत तुझ्या मांडीवर होता, आणि पोचायच्या आधी गेला. छातीत पाणी गेलेलं माणूस कधी कधी असं बोलता बोलता जातं, मी वॉर्डात पाहिलंय. त्यात तुझी चूक नव्हती. चौकशीतही तसंच निघालं, ठपका शाळेवर आला, एवढ्या मुलांमागे माणसं कमी नेली म्हणून. मी तुला तेव्हा दोष दिला नाही, आजही देत नाही.

माझा राग त्यानंतरचा आहे. शाळेत मुलं भिंगरीला म्हणाली, तुझ्या आईनं त्याला बुडवलं. ढब्बूची वर्गात चड्डी ओली झाली. तू दोघांची नावं काढून आणलीस, म्हणालीस, मी घरी शिकवेन. आणि पंधरवड्यात बॅग भरलीस. जरा मोकळी हवा हवी म्हणालीस. मी तुला डबा भरून दिला. मला वाटलं, मुलगी आठवड्यात परत येते आहे.

तर अभ्यासक्रम. मी शेवटी ठरवलं, शाळेत चालतात तीच पुस्तकं आणायची. साधी, पातळ, कंटाळवाणी. म्हणजे उद्या ही मुलं वर्गात जाऊन बसली तर मागे पडायला नकोत. तुझ्या पुस्तकांतली पहिलीची आणि तिसरीची तेवढी ठेवली. बाकीची सगळी भिंगरीच्या देखत वाचनालयात देऊन आले. तिनं विचारलं, का. मी म्हटलं, पुढचं पुढं बघू, तेव्हा तुझी आई बघेल. माझ्याच्यानं एवढंच खोटं बोलवतं.

शाळेची पुस्तकं एकाच दुकानात मिळतात हे तुला मी सांगायला नको. ते दुकान कुणाचं आहे हेही.

तिकडे जायचं टाळण्यासाठी मी इतके महिने पेन्सिलीसुद्धा पुलापलीकडून आणल्या. शुक्रवारी मुलांना टोमॅटोवाल्या बाईंकडे सोडलं आणि गेले. दुकान तसंच आहे. डिंकाचा वास, दोरीला लटकवलेल्या पट्ट्या, काउंटरच्या टोकाला ते उंच स्टूल. त्यावर बसून तो सुटे पैसे द्यायचा, गिऱ्हाइकं त्याला छोटे मालक म्हणायची, आठवतं? स्टूल अजून तिथंच आहे. त्यावर कुणी काही ठेवत नाही.

त्याच्या आईनं मला ओळखलं. तरी यादी मागितली, पुस्तकं काढली आणि प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर घालायला घेतलं, सगळ्यांना घालून देतात तसं. मी म्हटलं, राहू द्या, घरी घालेन. त्यांनी ऐकलं नाही. कोपरे इतके नीट दुमडत होत्या की मला तिथं उभं राहवेना.

त्याचे वडील शिडीवरून खाली उतरले. मुलं घरीच असतात असं ऐकलं, म्हणाले. मी हो म्हटलं. तर म्हणाले, "पाठवा त्यांना शाळेत. लोकांना वाटतं आम्हीच त्यांना हाकललं. आमचं पोर गेलं, आणि वर वाईटही आम्हीच ठरलो."

हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी आपली समजत होते की आम्ही तोंड लपवतो म्हणजे त्यांच्यावर उपकारच करतो.

मी पुस्तकं उचलायला गेले. तेव्हा त्याच्या आई कव्हरावरचा हात न काढता म्हणाल्या, "तुमच्या मुलीकडून मला एकच हवंय. गाडीत तो काय बोलला?"

मी सांगितलं, मला माहीत नाही.

"तिला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

बेबी, माझी सगळी नोकरी अशा दारांबाहेर गेली. माणूस गेलं की नातेवाईक औषधांचं विचारत नाहीत, वेळ विचारत नाहीत. काही बोलला का, हेच विचारतात. मी कधी खरं सांगितलं, कधी जरा बरं करून सांगितलं. पण सांगितलं. त्यांच्या वाटणीचं ते त्यांच्या हातात दिल्याशिवाय मी कधी ड्यूटी सोडली नाही. तू चौकशीत पाण्याची खोली सांगितलीस, मोजणी सांगितलीस, गाडी कुठल्या रस्त्यानं गेली ते सांगितलंस. हे सांगितलं नाहीस. त्यांच्या घरी एकदाही गेली नाहीस. त्यांच्या मुलाचे शेवटचे शब्द बॅगेत घालून परगावी गेलीस.

कव्हराचा एक तुकडा काउंटरवर उरला होता. त्यावर मी तुझा पत्ता लिहिला आणि त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो मागितला नव्हता. हे मी आपण होऊन केलं, कुणाच्या दबावाखाली नाही, तेव्हा दुसऱ्या कुणावर रागावू नकोस.

घरी येऊन मी भिंगरीला सांगितलं की सुट्टीनंतर शाळा. तिनं विचारलं, मुलं पुन्हा तसं म्हणाली तर? मी म्हटलं, म्हणतील. मग मी काय म्हणू? मी म्हटलं, सांग, माझ्या आईनं त्याला काढायला पाण्यात उडी मारली होती.

तिला ते माहीतच नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं, तू नाही, मी नाही. इतके महिने ते पोर काय समजून या घरात वावरत होतं, याचा तू विचार कर. मी केला, मला झोप आली नाही. रात्री तिनं ढब्बूला कपाटात जाऊन सांगितलं. तो जेवायला बाहेर आला.

मुख्याध्यापिकांना भेटले. दोघांना घेतील. तोवर सकाळी दोन तास मी शिकवते. माझं गणित बरं आहे, कविता मला येत नाही, चालवून घेतात.

आता शेवटचं. दुकान रविवारी बंद असतं. त्यांचा निरोप आला आहे, ते दोघं शनिवारच्या गाडीनं निघून येत्या रविवारी सकाळी तुझ्याकडे येतील. पत्र त्याआधी तुला मिळेल असा हिशेब करून आज टाकते आहे. म्हणजे तयारी करायला तुला वेळ आहे, आणि पळून जायलाही आहे. ते मला कळतं. तरीही कळवते आहे.

आले की त्यांना आधी बसव. पाणी दे. मग तो जे बोलला ते त्याच शब्दांत सांग. आईला हाक मारली असेल तर तसं सांग. तुझ्यावर चिडला असेल तर तेही सांग. काहीच बोलला नसेल तर तेवढं सांग आणि गप्प बस. माफी मागू नकोस, ते द्यायला येत नाहीयेत. त्यांच्यासमोर रडू नकोस, ती पाळी त्यांची आहे. तुला रडायचं असेल तर ते माझ्याकडे रड, नंतर, फोनवर रड किंवा इथं येऊन रड. येशील की नाही ते मी विचारत नाही. विचारून तू येणार असतीस तर केव्हाच आली असतीस.

रविवारी घरीच राहा.

तुझी आई