बेडकीची डावी सीट

औंढे (मावळ),
३ सप्टेंबर २०२५

ती. रेणुकाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पार्सल येऊन महिना उलटला आणि पोच आज लिहितोय. उशीर झाला, माफ कर. पार्टसोबत पत्र आणि पत्राला उलट पत्र, हा आपला नेम मीच मोडला. गणपतीच्या गडबडीचं कारण देणार होतो, पण ते खरं नाही. लिहायला बसायचो आणि एका गोष्टीपाशी अडायचो. ती शेवटी लिहितो.

आधी बेडकीची खबर. यंदा पावसानं तिचा गालिचा पार कुजवला. सीटमागची पाणी जायची भोकं तारेनं साफ केली तर ओंजळभर गाळ निघाला, आणि डिकीच्या रबराखाली एक खरीखुरी बेडकी. शेजारचा रखमाजी म्हणाला की आबांच्या गाडीला पिल्लं व्हायला लागली. गावानं हे नाव ठेवलं तेव्हा तुला राग यायचा, आठवतं? पण हिरवा रंग, बुटकं अंग आणि बटण दाबलं की वर येणारे दोन दिव्यांचे डोळे, दुसरं काय म्हणणार होते? डावा डोळा हल्ली उशिरा उघडतो. मोटर खोलू का विचारलं, तर आबा म्हणाले की राहू दे, म्हातारीला एका डोळ्यानं जागं व्हायची सवय झालीय.

जगभर लोक ही माझदा जमिनीला टेकेल इतकी खाली बसवतात म्हणे. आपण औंढ्याच्या रस्त्यापायी ती वर उचलली, घाटासाठी मोठा रेडिएटर घातला आणि आबांच्या कमी उंचीसाठी ड्रायव्हरची सीट पुढे ओढून, खाली शिसवाची फळी देऊन कायमची बोल्टनं आवळली. तेव्हापासून माझे गुडघे स्टेअरिंगखाली मावत नाहीत. या गाडीचा एकेक स्क्रू मी खोलला आहे, पण ती चालवली कधीच नाही. माझी जागा डावीकडची.

आता ती गोष्ट. आबांना तळेगावच्या डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. काचबिंदू आहे. डाव्या बाजूचं दिसणं आक्रसत चाललंय. थेंब रोज घालायचे आणि गाडी अजिबात चालवायची नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. थेंबांचं मी आबांना सांगितलं. गाडीचं सांगितलं नाही. आबांना वाटतंय की चष्म्याचा नंबर वाढलाय. दसरा जवळ आला. त्या दिवशी बेडकी घेऊन गावची शीव ओलांडायची हे आबांचं व्रत तुला ठाऊकच आहे.

तू मोठी आहेस, तुझं ते ऐकतात. फोनवर तूच सांगशील का?

ब्रेकच्या मुख्य सिलिंडरमधून तेल पाझरतंय. त्याची रबरं पाठव. सोबत चिक्की ठेवली आहे, शेंगदाण्याची, तुझ्या आवडीची. सारिकाचा नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी पत्र लिहीतच राहा.

तुझा,
प्रदीप


हिरोशिमा,
१६ सप्टेंबर २०२५

चि. प्रदीप यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रबरं पाठवली आहेत. चिक्की पोचली. ऑफिसात वाटली तर एका गृहस्थांनी ती चावायची की चघळायची असं गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे दात असेपर्यंत चावतात.

तू बेडकीचं लिहिलंस आणि दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. आबा ज्यांच्याकडे कामाला होते त्या तुंगार्लीच्या शेठनी बंगला विकताना ती आबांच्या नावावर करून दिली, तो दिवस तुला नीट आठवत नसेल, तू लहान होतास. आबा टप उघडा टाकून वाजतगाजत आले आणि आईनं आधी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळला, मग आबांवरून. मी बॉनेटखालच्या पिवळ्या जपानी चिठ्ठीवर काय लिहिलंय म्हणून विचारलं. आबांना येईना. म्हणाले की तूच शीक आन मला सांग. खरंच शिकले, आणि सुट्टीत येऊन मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं की इंजिन गरम असताना झाकण उघडू नये. आबा म्हणाले की येवढं तर मला भाजल्याव कळलंच व्हतं. त्या एका चिठ्ठीनं मला इथवर आणलं, प्रदीप.

आता तुझं मागणं. मी सांगणार नाही. टाळत नाहीये. म्हणजे टाळतेही आहे, पण कारण आहे. मी फोन केला की ते पहिलं विचारतात, बेडकीला काय पाठवलंस. त्या माणसाला मी इतक्या लांबून, तोंड न बघता, आता चालवू नका म्हणू? तू रोज त्यांच्या ताटाशेजारी बसतोस. तूच सांग, आणि दसऱ्याआधी सांग.

कशाचंही निमित्त शोधू नकोस. मी तुला ओळखते. लहानपणी शाळा बुडवायची असली की तू सायकलची हवा सोडायचास.

सारिकाला आणि घरात सर्वांना आठवण. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
ताई


औंढे,
५ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आबा बरे आहेत, हे आधी. मनगट मुरगळलं आहे आणि ओठाला जरा लागलं आहे. फोनवर मी गाडी घसरली एवढंच म्हणालो. ते पुरतं खरं नव्हतं.

रबरं बसवली आणि अष्टमीच्या संध्याकाळी ब्रेकमधली हवा काढायला बसलो. हे काम एकट्याचं नाही. आबा पेडलवर, मी चाकापाशी. मी दाबा म्हणायचं, त्यांनी दाबून धरायचं, मी चाकामागचा निपलचा स्क्रू उघडून हवा आणि तेल जाऊ द्यायचं, आवळायचं, मग सोडा म्हणायचं. या कामात आम्ही दोघं फार चांगलं बोलतो. एकमेकांचं तोंड दिसत नाही म्हणून असेल. त्या संध्याकाळी सांगून टाकीन असं ठरवलं होतं. दाबा, धरा, सोडा यापलीकडे काही बोललो नाही.

पुढचं डावं चाक शेवटी घेतलं. निपल हातानं आवळला आणि पान्यासाठी मागे वळलो तर आबांनी हत्यारं घमेल्यात गोळा करून धुवायला नेली होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पुजलेलं हत्यार बेडकी शीव ओलांडून परत आल्याशिवाय उचलायचं नाही, हा आबांचा कायदा. मी पाना मागून घेऊ शकलो असतो. मागितला नाही. मनात आलं, बरंच झालं, ब्रेक अर्धवट आहे म्हणून यंदा गाडी काढू नका म्हणता येईल. डोळ्यांचं नावच काढायला नको. त्या रात्री मला शांत झोप लागली, ताई. सायकलच्या हवेचं तू लिहिलं होतंस. पत्र खिशातच होतं.

नवमीला सांगितलं नाही. दसऱ्याला दुपारी आपट्याची पानं आणायला वर डोंगराकडे गेलो. आल्यावर सांगू म्हटलं. माझ्याशिवाय आबा कधी गाडी काढत नाहीत. आलो तर सारिका म्हणाली की आबा नवी टोपी घालून केव्हाच गेले.

शिवेपाशी कॅनॉलचा उतार आहे ना, तिथे डावीकडच्या रस्त्यानं पर्यटकांची मोठी गाडी आली. आबांनी जोरात ब्रेक दाबला, तेल सुटलं आणि पेडल तळाला गेलं. मागच्या चाकांनी थोडं धरलं. आबांनी गिअर पाडला आणि गाडी रखमाजीच्या भातात घातली. मी धावत गेलो तेव्हा ती बॉनेटपर्यंत इंद्रायणी भाताच्या लोंब्यांत होती, गळ्यात झेंडूची माळ आणि डोळे उघडे. आबा तिच्या टपावर हात ठेवून उभे होते. रखमाजी नुकसानीचं काही बोलला नाही. एवढंच म्हणाला की आबा, बेडकी आखेर खाचराकडंच वळली की वो.

मग मी आबांना दोन्ही सांगितलं, निपलचं आणि डोळ्यांचं, तिथेच चिखलात. त्यांनी ऐकून घेतलं आणि घराकडे चालू लागले. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मी चारचारदा तपासून पाहतोय, तो निपल मी विसरलो की ठेवला? विसरलो नव्हतो. ठेवला असंही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

बेडकी गोठ्यात आहे. बंपर वाकलाय, बाकी चिखलच. पण दुरुस्तीला हात लावता येत नाही. शीव ओलांडली गेली नाही, म्हणून हत्यारं अजून हळदीकुंकवासकट देव्हाऱ्यासमोरच आहेत.

तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. पण लिही.

प्रदीप


हिरोशिमा,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. प्रदीप यास,
आशीर्वाद.

मोठं पत्र लिहिलं होतं, ते फाडलं. त्यात तुला खूप बोलले होते आणि पान उलटल्यावर लक्षात आलं की निम्मं मला स्वतःलाच आहे. रबरं मीच पाठवली. गाडी चालती राहावी अशी सोय करत राहिले आणि थांबवायचं काम तुझ्यावर टाकलं.

तरी एक सांगते. ते तुझ्याशी बोलत नसले तरी तू बोल. आणि गाडीचं काय करायचं ते आबांनाच ठरवू दे. विकायची म्हणाले तर मी अडवणार नाही. रडेन, ते इथे, माझं मी.

तुझी,
ताई


औंढे
२५ आक्टोबर

चि. सौ. रेणुका हिस हौशीराम याचे आशीर्वाद.

अक्षर मोटं काढलंय, वाचून घे. ह्ये मी परदीपला वाचून दाखवनार हाय, मंजी लपवालपवी नको.

तुमी दोगं मला सांगायला घाबरला. मला दोन वर्सापासनं म्हाईत हाय. डावीकडलं मानूस एकदम म्होरं यायचं, जसं भिताडातनं निगालं. मग मी काय केलं सांगतो. परदीप डाव्या सीटवर बसून सारका बोलतो. कंपनीचं, दुधाच्या डेरीचं, समदं बोलतो. तो बोलायचा थांबला की मला समजायचं, डावीकडनं कायतरी येतंय. मी पाय बिरेकवर न्यायचो. आमी दोन वर्सं अशी गाडी चालावली. तेला पत्त्या न्हाई.

आन दसऱ्याला येकटा का गेलतो? परदीप दोन दिस माज्याकडं बगत नव्हता. मला कळलं ह्यो काय बोलनार. म्हटलं, तेनं बोलायच्या आदी येकदा जाऊन यावं. मंजी निपल तेचा, पर घाई माजी. डावीकडं कोन गप झालं न्हाई, कारन डावीकडं कोन नव्हतंच.

मी राग धरला तो निपलचा न्हाई. डागदर मला सोडून तेला सांगतो, आन तो मला सोडून तुला. मी काय मेलोय व्हय?

गाडी इकायची न्हाई. पाडवा झाल्यावर काल रखमाजीला बोलावला. परदीप आन तो ढकलायला. मी डावीकडं बसलो, परदीपनं दारातनं हात घालून इष्टेरिंग धरलं, आन तसंच शिवंपल्याड नेऊन माघारी आनली. हत्यारं मोकळी झाली. सीट लय मऊ हाय डावीकडची, ह्यो इतकी वर्सं मजेत बसलाय. आन तितनं उजवीकडचं समदं सवच्छ दिसतंय. परदीप कुटं चुकला तर मला दिसंल.

तू येशील तवा टेसनावर आमी दोगं यिऊ. थेंब घालतोय.

हौशीराम


त्याच पाकिटात

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आबांनी पत्र ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. रखमाजीही ऐकत होता, त्यानं मधेच विचारलं की परदीप गप बसतो असं कदी झालंय का. मी हसलो आणि मग आत जाऊन तोंड धुऊन आलो. इतकी वर्षं मला वाटायचं की आबा माझी बडबड सहन करतात.

निपल मी पान्यानं आवळला. पेडलवर आबाच होते. सगळी चाकं पुन्हा पहिल्यापासून केली. काम झाल्यावर ते उतरले आणि सीटखालच्या शिसवाच्या फळीवर बोट ठेवून म्हणाले की ही टाकू नको, रेणुका आली की तिला लागंल, ती माज्यायेवडीच हाय.

बंपर सरळ करायचाय, डाव्या डोळ्याची मोटर खोलायचीय, पण ते नंतर. माझ्या बोलण्याला सांभाळून घेतेस तशीच घेत राहा.

तुझा,
प्रदीप

उद्याचं काम: ड्रायव्हरच्या सीटचे बोल्ट सोडवून सीट मागे घेणे.