गुळाच्या वखारीत बर्फ

१२ मार्च १९७९, सोमवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणारी माणसं सगळं लिहून ठेवतात. माझं मोठं काम अजून ठरायचं आहे, पण लिहायची सवय आधीपासून असलेली बरी.

परिस्थिती अशी. काल रात्री ताटावर अप्पांनी सांगून टाकलं, की आपली आइस फॅक्टरी विकायची. घरोघरी फ्रिज येऊ लागले, बर्फाच्या लाद्या कोण नेतंय. बाळासो घ्यायला तयार आहे. बाळासो म्हणजे आमच्याच रस्त्यावरचा दुसरा बर्फवाला. लग्नात सरबत पुढे आलं तर त्यातला बर्फ कुणाकडचा हे विचारून मगच पिणारा माणूस. मी म्हटलं, अप्पा, हा एक उन्हाळा मला द्या. ते बराच वेळ ताक पीत राहिले. मग म्हणाले, एक मेपर्यंत बघतो, काय तरी उभं करून दाखव, न्हाय तर गप कागलला मामाच्या बियाण्यांच्या दुकानात जाऊन बस.

मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. बियाण्यांच्या दुकानात बसणार नाही. वडिलांचे शब्द मनाला लागले आहेत. ते प्रेरणा म्हणून वापरावेत असं ठरवलं.

१५ मार्च, गुरुवार.

आयडिया मिळाली. सलूनमध्ये नंबराची वाट बघताना एक जुनं इंग्रजी मासिक हाती आलं. त्यात फोटो. बर्फाची भलीमोठी गुळगुळीत फरशी आणि तिच्यावर एक जोडपं बुटांना पाती लावून गिरक्या घेतंय. आइस स्केटिंग. फरशी कशी करायची, कशी टिकवायची, सगळं खाली दिलेलं. पान अर्धं फाटलं होतं, पण उरलेल्या अर्ध्यात मूळ तत्त्व आलेलं आहे. बाकीचं अंदाजानं येतं.

गार करायचं मशीन आपल्याकडे आहे. कोल्हापूरकर नव्या गोष्टीला कधी मागे हटत नाहीत. राहिली फक्त फरशी.

नंदिनीला सांगितलं. बायकोनं आधी फायदे विचारावेत अशी माझी अपेक्षा होती. तिनं विचारलं, की लोकांनी तिकीट काढून घसरायचं कशाला, आपल्या मोरीत फुकट घसरता येतंय की.

संकल्प : पहाटे पाचला उठणं. चहा दोनच वेळा. नंदिनीशी वाद नाही.

१६ मार्च.

सव्वाआठला उठलो. पुढे जागरणं होणार, झोप आधीच साठवलेली चांगली. चहा चार वेळा झाला, त्यातले दोन पाहुण्यांमुळे. पाहुणे माझ्यामुळे आले होते, पण तो वेगळा विषय.

२१ मार्च, बुधवार.

जागा मिळाली. सयाजी माझा शाळेपासूनचा मित्र. गाव नेसरी, ऊस भरपूर, अंगानं धिप्पाड. फॅक्टरीला लागून त्याची गुळाची वखार आहे, मधे एकच भिंत. हंगाम संपत आला, वखार रिकामी. भाड्याचं विचारलं तर म्हणाला, भाडं कसलं काढतोस, पार्टनर कर मला, मळ्यातलं जुनं पाइपबी देतो, फकस्त एक हाय, पयला मी घसरणार.

योजना कागदावर अगदी सोपी दिसते. आमच्या टाकीत मिठाचं पाणी असतं. मीठ असल्यामुळे ते कितीही गार केलं तरी गोठत नाही, म्हणून तर त्यात लाद्यांचे डबे बुडवून ठेवतात. तेच पाणी भिंतीला भोक पाडून पाइपातून वखारीभर फिरवायचं. पाइपांवर वाळू. वाळूवर साधं पाणी. साधं पाणी गोठलं की फरशी तयार.

अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, भोक लहान पाड.

२ एप्रिल, सोमवार.

पाइप जोडून झाले. सहा ठिकाणी गळती, त्यातल्या चार ठिकाणी मी स्वतः चिंध्या बांधल्या. हौसेनं घोट्याएवढं पाणी एकदम सोडलं. दोन दिवस झाले, गोठत नाही. वरून कोमट लागतं. मासिकात पातळ थर द्या असं होतं, पण पातळ म्हणजे किती पातळ ते फाटलेल्या भागात गेलं. चूक त्या सलूनवाल्याची आहे.

पाणी बादल्यांनी उपसलं. पाठ धरली. पहाटे उठायचा संकल्प पाठ सुटेपर्यंत स्थगित.

५ एप्रिल, गुरुवार. दुपारी ३.

बर्फ झाला. थर थर देत आणला आणि झाला. कोल्हापुरात, एप्रिल महिन्यात, मी आडवा बर्फ पसरला आहे.

रंग थोडा तपकिरी आला आहे. वखारीच्या फरशीत वर्षानुवर्षांचा गूळ मुरलेला, तो वाळूतून वर आला. सयाजीनं बोट लावून चाटलं आणि म्हणाला, गोड हाय की. वासावर मुंगळे आले. रांगेनं आले आणि रांगेनंच गोठले. फोटोत मुंगळे नव्हते. तरी पायाला पकड मिळायला उपयोगी पडतील असं मला वाटतं.

नंदिनी बघून गेली. भाकरीबरोबर खायची का, एवढंच म्हणाली. संकल्पाप्रमाणे वाद घातला नाही. तासाभरानं घातला.

९ एप्रिल, सोमवार.

एक बारीक अडचण. कॉम्प्रेसर, म्हणजे गार करायचं मशीन, एकच, आणि आता त्याला टाकी आणि वखार दोन्ही ओढायचं आहे. त्यामुळे लाद्या मधे पोकळ राहतात. कडेनं बर्फ, पोटात पाणी. रसवंतीवाल्यांनी आज सगळ्या परत आणून टाकल्या. जोतिबाची यात्रा तोंडावर आली आहे. यात्रेचे गोळेवाले, सरबतवाले दर वर्षी आमच्याकडे यायचे. यंदा त्यांचे हातगाडे दारावरून पुढे बाळासोकडे जातात.

अप्पा सकाळपासून फॅक्टरीच्या दारात खुर्ची टाकून बसलेले असतात. जाणाऱ्या हातगाड्यांकडे बघत राहतात. मालक दारात दिसला की लोकांचा विश्वास बसतो, त्यामुळे त्यांनी असंच बसावं.

लाद्या तूर्त बंद केल्या. जुना धंदा सोडल्याशिवाय नवा उभा राहत नाही.

१४ एप्रिल, शनिवार.

स्केट तयार. बाहेरून मागवायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. ज्या गावात अख्खं इंजिन ओततात तिथे दोन पात्यांचं काय. जाड तळाची कोल्हापुरी चप्पल घेतली, उद्यमनगरातल्या कारखान्यात तिच्या तळाला पातं ठोकून घेतलं. चालताना चप्पल करकर वाजते आणि पातं खणखण. ऐकायला भारदस्त.

चार वाजता ट्रायल. ठरल्याप्रमाणे पहिला मान सयाजीचा. त्यानं जोतिबाचं नाव घेतलं आणि पाय ठेवला. घसरला नाही. पाती आत रुतली आणि तो जागच्या जागी उभा राहिला. बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, अंब्या, मी हाय तिथंच हाय, आता काय करू. शेवटी चपला तिथेच सोडून अनवाणी आला. तो वजनानं जास्त आहे असं माझं मत. बर्फ मऊ आहे असं त्याचं मत.

चपला ओढून निघाल्या नाहीत. उद्या बघू.

१८ एप्रिल, बुधवार.

मासिकात एक गोष्ट स्पष्ट होती. बर्फ खरबरीत झाला की त्यावर गरम पाणी पातळ पसरायचं, म्हणजे वरचा थर विरघळून पुन्हा सपाट गोठतो. मी दोनदा वाचलं होतं.

घरचा बंब पेटवला. बादल्या रस्त्यानं नेल्या. वाफा निघत होत्या. पहिल्या खेपेला चार माणसं मागे आली, तिसऱ्या खेपेला अख्खी गल्ली. बाळासो स्वतः येऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, अंबादास बर्फाला आंघोळ घालतोय, या सगळी, साबण आणा कुणीतरी. सगळे हसले. सयाजीसुद्धा हसला, पार्टनर असून.

जिथे पाणी पसरलं तिथे तासाभरात बर्फ काचेसारखा झाला. त्यात माझा चेहरा दिसला. तेवढ्यात अप्पांचा निरोप आला, की लोकांत हसं करू नकोस, बंब घरी आण.

विचार केला. एवढी माणसं उगाच हसणार नाहीत. मासिकातच छपाईची चूक असणार. गरम पाणी बंद.

२३ एप्रिल, सोमवार.

पत्रा तापतो. वर उसाचा पाला टाकला, त्यावर पाणी मारलं. ते पत्र्याच्या भोकांतून खाली बर्फावर पडलं. दुपारची लाईट जाते. लाईट जाऊन आली की कॉम्प्रेसर म्हाताऱ्यासारखा खोकतो आणि मग सुरू होतो. मधल्या भागात डबकं. सयाजीच्या चपला मात्र सुटल्या, आपोआप. म्हणजे काम पुढे सरकतं आहे.

नंदिनी कागलला जाऊन आली. मामांकडे सहज गेले होते, म्हणाली. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या हवेशीर आहेत, हेही तिनं सहजच सांगितलं. मी ऐकून घेतलं. तिला हवापालट हवा होता.

उद्घाटनाच्या पत्रिका वाटल्या. एक मे, सकाळी दहा. बाळासोलाही दिली.

२९ एप्रिल, रविवार. संध्याकाळी.

देव आहे. आणि तो आइस्क्रीमच्या भांड्यात आहे.

सयाजीच्या घरी सुट्टीची पोरं जमली होती, पॉट आइस्क्रीम केलं. हँडल फिरवायला मला बसवलं. लाकडी बादलीत बर्फ, बर्फात मूठमूठ जाडं मीठ. मीठ पडलं की हात बधिर करणारा गारवा सुटतो. फिरवता फिरवता हात थांबला. इतके दिवस कॉम्प्रेसरला रडतो आहे आणि उपाय स्वयंपाकघरात. सयाजीला सांगितलं. तो म्हणाला, व्हय की लेका, मिठाबिगार आइस्क्रीम कधी झालंय का. त्याच्या आईनं दुजोरा दिला. नंदिनीसुद्धा म्हणाली, की हे मात्र पटतंय. लग्नाला चौदा वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

भांड्याच्या भोकातून खारं पाणी सारखं गळत होतं. त्याला खाली परात ठेवली होती.

अप्पांना विचारणार होतो. ते झोपले होते. म्हटलं, एकदम एक तारखेलाच दाखवू.

३० एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ७.

मीठ टाकलं. पोती मी आणि सयाजीनं पाठीवर आणली. शेतात खत विसकटतात तसं सयाजीनं विसकटलं, एकसारखं, कोपरे न सोडता. मग थर्मामीटर ठेवला. पारा उतरला, आणखी उतरला, आजवर कधी नव्हता तितका खाली गेला. सयाजीनं मला मिठी मारली. बर्फ करकर आवाज करत होता. घट्ट होत असणार.

आज प्रथमच वाटतं, की अप्पांना माझा अभिमान वाटेल. तसं त्यांनी म्हणायला नको. नुसतं बघितलं तरी चालेल.

लवकर झोपतो. पहाटे पाच नक्की.

१ मे, मंगळवार.

पाचला उठलो.

वखारीत पाणी. सगळीकडे, घोट्याच्या वर. मुंगळे तरंगत होते. बर्फाचे चार तुकडे कडेला लागले होते, हात लावला तर तेही गेले. कॉम्प्रेसर चालू होता, आवाजात काही फरक नव्हता. मी बाहेरून कडी लावून पायरीवर बसलो. सयाजी आला, कडी काढून आत बघितलं, परत लावली आणि शेजारी बसला. मग म्हणाला, मीठच जास्त झालं बघ.

दहाला माणसं आली. ऊन असं होतं की रस्त्यावर उभं राहवत नव्हतं. मी दार उघडणार नव्हतो, गर्दीनंच उघडलं. आता हसतील म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. हसले, पण थोडंच. कोपऱ्यावरच्या तानाबाईंनी लुगडं वर धरून पाय घातला आणि म्हणाल्या, आगं बाई, लई गार हाय. मग एकेक जण चपला काढून वखारीच्या कडेच्या कट्ट्यावर बसला. पोरं, बायका, सगळे पाण्यात पाय सोडून. नंदिनीही बसली, मग मीही.

सव्वाअकराला अप्पा आले. काठी भिंतीला टेकवली, धोतर गुडघ्यापर्यंत घेतलं आणि माझ्याशेजारी बसून पाय सोडले. डोळे मिटले. म्हणाले, जन्मभर दुसऱ्यास्नी गार केलं, माझं पाय आज गार झालं, बरं वाटतंय. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं होईल. थोड्या वेळानं, डोळे न उघडता, तशाच आवाजात म्हणाले, उद्या बाळासोला ये म्हणून सांगतो.

मी बरं म्हणालो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे नेहमीप्रमाणे एखादं कारण लिहायला हवं. सुचत नाही.

९ मे, बुधवार.

सामान बांधून झालं. उद्या सकाळच्या गाडीनं कागल. नंदिनीनं भांडी एका पोत्यात, कपडे दुसऱ्यात भरले. अप्पाही येणार आहेत. त्यांना आज दुपारी लिंबाचं सरबत हवं होतं, बर्फ घालून. मला पाठवलं.

फॅक्टरीत गेलो. हातगाडे लागले होते. भिंतीचं भोक बुजवलेलं. दारात बाळासोचा नवा माणूस होता, त्यानं मला कधी पाहिलेलं नव्हतं. विचारलं, पावणं, किती देऊ. मी म्हणालो, अर्धी लादी. तो म्हणाला, मग तिकडं लाइनीत हुबं ऱ्हावा.

उभा राहिलो.